उगवण ९४ टक्के, तरीही बी सदोष होतं

प्रति,
केंद्रीय बियाणे समितीचे सर्व सदस्य
आणि
मा. कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य
यांस खुलं पत्र

स.न.वि.वि.

मी इंदापूर तालुक्यातली शेतकरी. आमचं वीस गुंठ्यांचं शेडनेट आहे आणि त्यात सहा वर्षांपासून मी काकडी घेते. यंदा विकतच्या बियाण्यातूनच काकडीवर विषाणू आला, अशी मी तक्रार केली होती. तीन आठवड्यांपूर्वी तिचा निकाल पोस्टानं घरी आला. दोन पानी अहवाल. शेवटची ओळ अशी: ‘बियाण्याची उगवणक्षमता ९४ टक्के आढळून आली असून बियाणे सदोष असल्याचे दिसून येत नाही. सदर प्रादुर्भाव रसशोषक किडींमुळे झाला असावा.’

ज्यांनी ही ओळ लिहिली त्यांच्यावर माझा राग नाही. हातात जो नियम आहे त्याप्रमाणे त्यांनी लिहिलं. उगवण चांगली होती हे मलाही मान्य आहे. ट्रे मीच भरले आणि रोपं मीच मोजली. माझं भांडण त्या नियमाशी आहे. नियम तुम्ही ठरवता, म्हणून पत्र तुम्हाला. आणि ते उघड लिहितेय, कारण माझ्यासारखे दोन पानी कागद घरात पडलेली कितीतरी माणसं आहेत.

आधी काय घडलं ते सांगते.

जानेवारीत एकाच लॉटची सहा पाकिटं आणली, प्रत्येकी हजार बियांची. एका बीला सात रुपये पडले. पक्कं बिल जवळ आहे. पाच पाकिटं प्रोट्रेमध्ये, म्हणजे रोपं वाढवायच्या खणांच्या ट्रेमध्ये, लावली आणि सहावं, पुढे मेलेल्या रोपांच्या जागी नांग्या भरायला लागलं तर असावं, म्हणून तसंच ठेवलं.

काकडीचं रोप कोकोपीटमधून, म्हणजे नारळाच्या भुश्शातून, वर येताना पुष्कळदा बियाचं टरफल डोक्यावर घेऊनच येतं. आम्ही त्याला टोपी म्हणतो. टोपी अडकून बसली की पहिली दोन पानं उघडत नाहीत. मग सकाळी ट्रेवर पाण्याचा फवारा मारायचा, टरफल मऊ झालं की नखानं अलगद ओढून काढायचं. मी आणि कामावरच्या दोघी, अशा तिघींनी दोन सकाळी बसून हेच केलं. एकीची टोपी काढली की तोच हात पुढच्या रोपाला. कोवळ्या पानाला नख लागून कुठे हिरवा रस निघाला, तर तो हाताला तसाच. त्या दोन सकाळी आमच्या हातून काय पेरलं जात होतं, हे मला चार महिन्यांनी कळलं.

लागवडीनंतर चोविसाव्या दिवशी, दारापासून तिसऱ्या ओळीत, एका वेलीचं शेंड्याचं पान वेगळं दिसलं. फिकट आणि गडद हिरव्याचे चट्टे, शिरांमधला भाग फुगलेला, बोट फिरवलं तर फोड आल्यासारखा लागायचा. अन्नद्रव्याची कमतरता असेल म्हणून ड्रिपमधून मॅग्नेशियम सोडलं. मग दुकानात सांगितलं म्हणून थ्रिप्सची, म्हणजे फुलकिड्यांची, दोन औषधं मारली. निळे-पिवळे चिकट सापळे पहिल्या दिवसापासून टांगलेले होते. त्यांवर कीड अशी नव्हतीच.

तेव्हा मी एक केलं. वहीत शेडनेटचा नकाशा काढला आणि रोज संध्याकाळी आजारी दिसेल त्या वेलीवर फुली मारायला लागले. आठ दिवसांत फुल्या तिसऱ्या ओळीत एकीला लागून एक अशा शेवटपर्यंत गेल्या, टोकाला वळल्या आणि चौथ्या ओळीतून परत दाराकडे आल्या. बगलफुटी काढत, वेल दोरीला गुंडाळत आम्ही ज्या वाटेनं जातो, अगदी त्याच वाटेनं. उडती कीड नेटच्या कडेनं शिरते, कुठेही बसते. ती बायकांच्या मागून ओळ धरून चालत नाही.

पंचनाम्याला सरकारी पथक आलं तेव्हा ती वही पुढे केली. त्यांनी पानं उलटून पाहिली. अहवालात वहीचा शब्दही नाही.

तोडे सुरू झाले तेव्हा फळं वाकडी निघाली, अंगावर फिकट पट्टे. बाजारात क्रेट उघडला की व्यापारी पुढे सरकायचा. अठ्ठावन्नाव्या दिवशी आम्ही सगळ्या वेली मुळासकट काढल्या आणि बांधावर जाळल्या. शेडनेटच्या कर्जाचा हप्ता त्याच महिन्यात होता. तो भागवायला काय विकलं ते इथे सांगत नाही.

त्यानंतर पदरचे पैसे भरून पानांचे नमुने आणि त्या सहाव्या, न फोडलेल्या पाकिटातल्या बिया एका खासगी प्रयोगशाळेत पाठवल्या. पानांत आणि बियांत, दोन्हीकडे तोच विषाणू सापडला: कुकुंबर ग्रीन मॉटल मोझॅक व्हायरस. तो अहवाल मी तक्रार तपासणाऱ्या समितीला दिला. खासगी प्रयोगशाळेचा अहवाल ग्राह्य नाही असं उत्तर मिळालं. मग सरकारी तपासणी करा म्हटलं, तर बियाण्याची उगवण तपासली आणि ९४ टक्के आली.

आमच्याकडे पान वाकडं झालं, पिवळं झालं, गोळा झालं की एकच म्हणतात, ‘व्हायरस आला’. या एका शब्दानं फार नुकसान केलंय. भेंडीचा हळद्या आणि टोमॅटोचा कोकडा मुख्यतः पांढऱ्या माशीतून पसरतो. टोमॅटोचे शेंडे करपून जाणारा बड नेक्रोसिस फुलकिडे पसरवतात. तिथे बियाण्याला बोल लावण्यात अर्थ नाही, आणि प्रत्येक रोगाचं खापर मी बियाण्यावर फोडतही नाही. पण माझ्या काकडीत सापडलेला विषाणू दुसऱ्या घराण्यातला आहे, तंबाखूच्या मोझॅकच्या घराण्यातला. मावा, थ्रिप्स, पांढरी माशी यांच्यातून हे विषाणू पसरत नाहीत. ते बियाण्यातून येतात आणि मग हातातून, कात्रीतून, क्रेटमधून, ट्रेमधून, मागच्या पिकाच्या मुळांच्या कुजक्या तुकड्यांतून पसरतात. यावर औषध नाही. वेलीत शिरला की शिरला. ‘रसशोषक किडींमुळे’ हे शब्द या रोगाच्या बाबतीत लिहिताच येत नाहीत. तरी ते सरकारी कागदावर शिक्क्यासह लिहिले गेले.

हा विषाणू काही काल आलेला नाही. इंग्लंडमध्ये काकडीवर तो १९३५ साली नोंदला गेला. आपल्या देशात दुधी भोपळ्यावरची त्याची नोंद १९४९ सालची आहे, म्हणजे बियाण्याच्या कायद्याच्या आधीची.

हे विषाणू बियाच्या टरफलावर आणि त्याच्या आतल्या थरांत चिकटून असतात. आतला कोंब बहुतेक वेळा स्वच्छ असतो. त्यामुळे रोगट फळातलं बीसुद्धा उत्तम उगवतं, आणि उगवणीच्या चाचणीत काहीच सापडत नाही. कोंब बाहेर पडताना, टोपी काढताना, रोप उचलून लावताना बारीकशी जखम होते आणि विषाणू आत जातो. हजारात एका रोपाला लागण झाली असं धरलं, तरी माझ्या पाच हजारांत अशी पाच रोपं झाली. ती पाच रोपं पाच हजारांच्या वाट्याला न्यायला चार बायकांचे हात पुरेसे आहेत, कारण काकडीच्या वेलीला आठवड्यातून तीनदा तरी हात लागतोच. म्हणून ‘इतकं कमी प्रमाण दुर्लक्ष करण्यासारखं आहे’ हा युक्तिवाद या रोगांना लागू होत नाही.

टरफलावरचा विषाणू घालवायचे उपाय आहेत. बी ट्रायसोडियम फॉस्फेटच्या १० टक्के द्रावणात ठरावीक वेळ बुडवून धुणं, किंवा नीट सुकवलेलं बी ७० ते ७२ अंशांच्या कोरड्या उष्णतेत तीन दिवस ठेवणं. पण हे काम कंपनीत व्हायला हवं. आमच्या हातात बी येतं ते रंग चढवून, बुरशीनाशक लावून. त्या बुरशीनाशकाचा विषाणूवर काडीचाही परिणाम नाही, आणि ते धुऊन काढा म्हणून शेतकऱ्याला सांगणंही बरोबर नाही. घेवडा-चवळीवरचा मोझॅक तर थेट बियाच्या कोंबात शिरतो. तिथे धुणं-तापवणं काही चालत नाही, बी ज्या झाडाचं घ्यायचं ते झाडच निरोगी लागतं.

माझी धाकटी बहीण बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजाकडे दिलीय. तो सगळा पट्टा संकरित भाजीपाला बियाण्याचा. तिच्या शेडनेटमध्ये टोमॅटोचं क्रॉसिंग चालतं तेव्हा मी चार दिवस जाऊन राहते. पहाटेपासून बायका ओळीनं उभ्या असतात. चिमट्यानं कळी उघडायची, नर काढायचा, दुसऱ्या दिवशी त्याच फुलाला पराग लावायचा. एक बाई दिवसात शेकड्यांनी फुलं हाताळते. टोमॅटोचा हिरवा-काळा राप बोटांवर इतका बसतो की जेवताना भाकरीला लागतो. मधल्या सुट्टीत कुणी तंबाखू मळते आणि तशीच परत ओळीला लागते, आणि तंबाखूतून मोझॅक टोमॅटोवर जाऊ शकतो हे शास्त्रज्ञ कित्येक वर्षं सांगत आलेत. हे मी त्या बायकांना दोष द्यायला लिहीत नाही. त्यांना हे कुणी कधी सांगितलंच नाही. हात साबणानं धुवायचे, किंवा साय काढलेल्या दुधात बुडवायचे, दुधानं या विषाणूंची लागण बरीच अडते, एवढी साधी गोष्ट मला स्वतःला वेली जाळल्यानंतर कळली.

बहिणीचं बी कंपनी घेते ते जीओटीवर, म्हणजे जातीची शुद्धता शेतात लावून तपासल्यावर. ती पास झाल्याशिवाय पैसे हातात पडत नाहीत; महिनेच्या महिने वाट पाहावी लागते. जातीच्या शुद्धतेसाठी एवढं थांबता येतं. विषाणूच्या तपासणीसाठी पानाचा तुकडा घ्यायला तिच्या प्लॉटवर आजवर कुणी आलेलं नाही.

आता माझी गाऱ्हाणी मांडते.

पहिलं कायद्याबद्दल. बियाणे कायदा १९६६ चा. त्याचं सहावं कलम उगवण आणि शुद्धता यांच्या किमान मर्यादा ठरवायचा अधिकार देतं. काकडीला उगवण किमान ६० टक्के, शुद्धता ९८ टक्के. प्रमाणित बियाण्याच्या मानकांत टोमॅटोसारख्या पिकात बियाण्यातून येणाऱ्या रोगांची झाडं शेतपाहणीत किती चालतील याची मर्यादा आहे, हे मला माहीत आहे. पण ती डोळ्यांनी बघून ठरते, आणि प्रमाणीकरण सक्तीचं नाही. बाजारातलं बहुतेक संकरित भाजीपाला बियाणं ‘सत्यप्रत’ लेबलवर विकलं जातं. म्हणजे कंपनीनं स्वतः तपासायचं आणि स्वतः लिहायचं. त्या लेबलवर विषाणूसाठी रकानाच नाही. जो रकाना नाही त्यात खोटं लिहिल्याचा आरोप मी कसा करू?

दुसरं, तपासणीबद्दल. २०२० च्या उन्हाळ्यात जुन्नर, संगमनेर, अकोले भागात टोमॅटो अर्धवट पिकून चट्ट्याचट्ट्यांचे निघायला लागले, लोकांनी त्याला ‘तिरंगा’ नाव दिलं. नमुने बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत पाठवावे लागले. निदान येईपर्यंत शेतकऱ्यांनी वावरं मोकळी केली होती. त्याच दिवसांत टीव्हीवर टोमॅटोच्या व्हायरसची अशी भीती घातली गेली की चांगला मालही कुणी घेईना, आणि झाडाचा विषाणू माणसाला होत नाही हे सांगायला खूप उशीर झाला. त्याच वर्षी आपण कोरोनासाठी जिल्ह्याजिल्ह्यात आरटीपीसीआरची सोय उभी केली. पानाची आणि बियाची तपासणी त्याच तंत्रानं होते. शेतातल्या शेतात काही मिनिटांत निदान सांगणाऱ्या पट्ट्याही मिळतात. माझ्या पंचनाम्याला आलेल्या पथकाकडे टेप होता, कॅमेरा होता, फॉर्म होते. एक पट्टी असती तर माझी चार महिन्यांची पायपीट वाचली असती.

तिसरं गाऱ्हाणं मला सगळ्यात जास्त टोचतं. ऑस्ट्रेलियात हाच विषाणू २०१४ साली उत्तरेकडच्या कॅथरीन भागात कलिंगडात सापडला. त्यांनी शेतं बंद केली, आणि काकडीवर्गीय बियाणं देशात यायचं तर लॉटमधल्या ९,४०० बियांचा नमुना विषाणूसाठी तपासलेला हवा असा नियम केला. २०१४ साली इस्रायलमध्ये टोमॅटोवर याच घराण्यातला रुगोज विषाणू दिसला, २०१५ ला जॉर्डनमध्ये. टोमॅटोच्या जातींना कित्येक दशकं तारून नेणारी प्रतिकारशक्ती त्यानं मोडली. युरोपीय संघानं २०१९ च्या नोव्हेंबरपासून त्याच्यासाठी बियाण्याची तपासणी लावली. कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यात लेट्यूसच्या बियाण्याला त्याच्याही कितीतरी आधीपासून मोजमाप आहे: ३०,००० बियांत मोझॅकचं एकही बी चालत नाही. म्हणजे इथून बी बाहेर पाठवायचं तर तपासणी करावीच लागते, यंत्रं आणि माणसं कुठून तरी मिळतातच. इंदापूरला पाठवायच्या बियाला ती तपासणी का नको? माझं कर्ज ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्याच्या कर्जापेक्षा हलकं आहे का?

चौथं, पुराव्याबद्दल. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली सांगितलंय की बियाणं विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे, आणि बी सदोष निघेल असं धरून त्यानं आधीच नमुना काढून ठेवावा अशी अपेक्षा करता येत नाही. तो सगळं बी पेरूनच टाकतो. मी योगायोगानं एक पाकीट मागे ठेवलं होतं. ज्यानं ठेवलं नाही त्याच्याकडे काय उरतं? आणि माझ्याकडे पाकीट असूनही ते कुणी तपासलं नाही. कापसाच्या बियाण्यासाठी राज्यानं २००९ साली वेगळा कायदा केला. फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ चा कायदा आहे. भाजीपाल्याची रोपं मात्र कुणीही कुठल्याही ट्रेमध्ये वाढवून विकावीत, ट्रे न धुता पुन्हा भरावेत, अशी स्थिती आहे. आजकाल शेतकरी बी कमी आणि तयार रोपं जास्त घेतो. एका रोपवाटिकेतला एक रोगट ट्रे दहा गावांत जातो.

तपासणीनं बियाणं महागेल असं मला सांगितलं जातं. एका लॉटमध्ये लाखो बिया असतात आणि तपासणी लॉटमागे एकदा होते. सात रुपयांच्या बीवर त्याचा भार किती पडेल याचा हिशेब कंपन्यांनी लोकांसमोर मांडावा. मी तो भार भरायला तयार आहे.

माझ्या मागण्या अशा:

बियाण्याच्या लेबलवर पिकाप्रमाणे विषाणू तपासणीचा निकाल छापणं सक्तीचं करा. काकडीवर्गीय पिकांना ग्रीन मॉटल मोझॅक, टोमॅटो-मिरचीला तंबाखू मोझॅकच्या घराण्यातले विषाणू, घेवडा-चवळीला मोझॅक. किती बिया तपासल्या, कोणत्या पद्धतीनं आणि कोणत्या तारखेला, हेही त्यावर हवं.

‘सदोष बियाणे’ या शब्दांत बियाण्यातून आलेला विषाणू स्पष्ट लिहून धरा. १९६६ चा कायदा बदलायचे मसुदे २००४ पासून निघताहेत. २०१९ ला निघाला, २०२५ ला निघाला. नव्या कायद्यात हे कलम नसेल तर तो कायदा माझ्या शेडनेटपर्यंत पोचणार नाही.

पुणे, परभणी आणि नागपूरच्या बीज परीक्षण प्रयोगशाळांत शेतकऱ्याला स्वतः नमुना देऊन विषाणू तपासून घेता यावा, परवडेल अशा शुल्कात, दहा दिवसांत निकाल. तोवर मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेचा अहवाल तक्रार तपासणाऱ्या समितीनं स्वीकारावा.

प्रत्येक लॉटचा राखीव नमुना कंपनीनं बियाण्याची मुदत संपेपर्यंत जपून ठेवावा आणि तक्रार आली की तोच तपासला जावा. पंचनाम्याच्या वेळी पानांचे नमुने घेणं बंधनकारक करा. नुसत्या नजरेनं पाहून ‘किडींमुळे’ असं लिहायची मुभा ठेवू नका.

भाजीपाला रोपवाटिकांना नोंदणी आणि ट्रे-हात-अवजारं निर्जंतुक करण्याचे नियम लावा. रोपवाटिकेसाठी अनुदान देता, त्याच कागदात ही अट घाला. बीजोत्पादन करणाऱ्या गावांत, देऊळगाव राजासारख्या पट्ट्यांत, क्रॉसिंग सुरू होण्याआधी बायकांना मराठीतून एक दिवसाचं प्रशिक्षण द्या आणि प्लॉटवर साबण-पाण्याची सोय कंपनीवर टाका. आणि रोगट प्लॉट सापडला तर बहिणीसारख्या बीजोत्पादकाला वाऱ्यावर सोडू नका. नुकसानीच्या भीतीनं तो रोग लपवेल, आणि तेच बी पुन्हा माझ्याकडे येईल.

माझ्या शेडनेटमध्ये आता काकडी घेता येत नाही. मुळांचे तुकडे मातीत आहेत तोवर धोका आहे. पुढच्या महिन्यात ढोबळी मिरची लावायची म्हणून काल बियाणं आणलं. पाकीट उलटसुलट करून पाहिलं. उगवण लिहिलीय, शुद्धता लिहिलीय. बाकी काही नाही.

ते सहावं पाकीट अजून माझ्याकडे आहे. काही बिया तपासणीला गेल्या, उरलेल्या जशाच्या तशा हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवल्यात. लॉट नंबर, बिल आणि फुल्यांची वही सोबत आहे. आपण कळवाल त्या प्रयोगशाळेत, कळवाल त्या दिवशी मी स्वतः घेऊन येते.

आपली,
एक काकडी उत्पादक शेतकरी
ता. इंदापूर, जि. पुणे